वाट बघायची हजेरी

रात्री साडेनऊ-पावणेदहाच्या सुमाराला मी ग्रुपवर मेसेज टाकतो, "उद्या फर्स्ट शिफ्ट, १४ जण." बास, एवढाच. त्याच्याखाली दोन मिनिटांत "येतो", "येते", "हो दादा", कुणाचा नुसता अंगठा असं सुरू होतं, आणि ज्याचा मोबाईल चार्जिंगला लावलेला होता किंवा जो जेवायला बसला होता त्याचं नाव पंधराव्या नंबरला आलं की त्याचा दुसरा दिवस गेला. मी सांगलीजवळच्या एमआयडीसीत एका छोट्या युनिटला हजेरी आणि पगारपत्रक बघतो, अकरा वर्षं झाली. कायम कामगार नऊच आहेत, बाकी सगळे लागतील तसे. आठवड्याला किती दिवस काम मिळेल हे त्यांना माहीत नसतं, मला माहीत नसतं, खरं सांगायचं तर मालकालाही नसतं.

मागच्या महिन्यात भाचा आला होता, तो पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. त्याचं म्हणणं, मामा, असलं काम वाईट म्हणू नका, मला वाटलं तर मी लॉगिन करतो, नाही वाटलं तर झोपतो, कुणा साहेबाचं ऐकून घ्यायचं नाही, सुट्टीचा अर्ज नाही. मला त्याचं खोटं वाटलं नाही. आणि तरी त्याच आठवड्यात मी गेटवर जे बघत होतो ते पण खोटं नव्हतं. त्या दोन्ही गोष्टी डोक्यात घेऊन मी हे लिहितोय, कारण हमी नसलेल्या, लागेल तसं बोलवायच्या कामावर जे बोलतात ते एकतर "कायम नोकऱ्या द्या, बाकी सगळं शोषण" असं म्हणतात नाहीतर "आता जमाना बदललाय, लवचिकता पाहिजे" असं म्हणतात, आणि दोघंही सकाळी सात वाजता गेटवर उभे नसतात.

जुलैतली गोष्ट सांगतो. मी १४ जण बोलावले, १४ आले. माल घेऊन येणारी गाडी रात्री वाटेतच अडकली होती, त्यामुळे सुपरवायझरनं आठ जण आत घेतले आणि सहा जणांना म्हणाला, आज नाही, उद्याचं रात्री कळवतो. पाच जण गेले. एक मावशी राहिल्या, कवलापूरकडनं येतात, पन्नाशीच्या आहेत, हातात फडक्यात बांधलेला डबा. मला म्हणाल्या, "दादा, दुपारनं गाडी आली तर लागंल का काय?" मी म्हटलं, सांगता येत नाही मावशी. तरी त्या गेटबाहेरच्या दगडावर बसून राहिल्या. साडेनऊला मी चहाला बाहेर आलो तर अजून तिथंच, आणि पावसाची भुरभुर सुरू झालेली म्हणून इरलं करावं तसा प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेतलेला. मी म्हटलं घरी का जात नाही? तर म्हणाल्या, "घरला जाऊन काय करू? भांगलणीची टोळी सातलाच गेली. तुमचा मेसेज आला म्हणून रातीच टोळीवालीला नको म्हटलं हुतं."

हे वाक्य ऐकल्यापासून मला या विषयात दुसरं काही फारसं महत्त्वाचं वाटत नाही. त्यांचा आमच्याकडचा ५०० रुपयांचा रोज तर गेलाच, शेतातला ३०० चाही गेला, येण्याजाण्याचे वडापच्या जीपचे आणि रिक्षाचे ६० रुपये खिशातले गेले. म्हणजे त्या दिवशी काम न मिळाल्यामुळे त्यांचा नुसता फायदा बुडाला नाही, आमच्यामुळे त्यांचे पदरचे पैसे गेले. आणि संध्याकाळी मी हजेरीपुस्तक भरायला बसलो तेव्हा त्यांच्या नावापुढे काय मांडायचं, तर खाडा. खाडा म्हणजे आला नाही. पण त्या तर आल्या होत्या! पहाटे साडेचारला उठून भाकरी थापून, दोन गाड्या बदलून, पावणेसातला गेटवर हजर होत्या. पुस्तकात त्यासाठी खूणच नाही.

माझं म्हणणं असंय की काम कमी-जास्त होणं हा कुणाचा गुन्हा नाही. ते व्हायचंच. पण दुसऱ्या माणसाचा दिवस तुम्ही रात्री अडवून ठेवलात, तर तो दिवस तुम्ही घेतलात, मग त्याला काम दिलं असो वा नसो. घेतलेल्या वस्तूचे पैसे द्यायला लागतात. हमी नसलेल्या कामाचे फायदे-तोटे काय असं विचारलं की माणसं यादी करायला बसतात, पण मला वाटतं प्रश्न एकच आहे, वाट बघण्याचा खर्च कुणी सोसायचा.

आता मालकाची बाजू. ती मला जवळनं माहीत आहे आणि ती खरी आहे. आमचं युनिट जॉबवर्कवर चालतं, म्हणजे मोठ्या कंपनीचं काम करून द्यायचं. वरची मोठी कंपनी आठवड्याचं शेड्यूल पाठवते आणि बुधवारी तेच शेड्यूल निम्मं करते, फोनवर, लेखी काही नाही. बिल नव्वद दिवसांनी निघतं. लाइट गेली की भट्टी थंड. मालक म्हणतात, "मलाच कुठं कुणी गॅरंटी देतंय, मी कुठनं देऊ?" यात नाटक काही नाही, मी त्यांचं बँकेचं खातं बघतो, पगाराच्या आदल्या दिवशी ते स्वतःचं घरचं सोनं ठेवून आलेलेही मला माहीत आहेत. सगळ्यांना कायम करा म्हटलं तर दोन मंद महिन्यांत असं युनिट बंद पडेल, आणि मग नऊ कायम आणि वीस-पंचवीस हंगामी सगळेच घरी. हे मी मान्य करतो. पण हेही बघा की धोका कसा जिन्यावरून खाली उतरत येतोय. मोठी कंपनी तो आमच्यावर ढकलते, आम्ही सुपरवायझरवर, सुपरवायझर गेटवर, आणि गेटबाहेर दगडावर बसलेल्या बाईच्या खाली आणखी पायरीच नाही. ज्याच्याकडे सगळ्यात कमी शिल्लक त्याच्याकडे सगळ्यात जास्त धोका, हे हिशोबाच्या दृष्टीनंसुद्धा चुकीचं आहे, माणुसकीचं तर सोडाच.

आणि फायदे? आहेत की. आपल्या भागात तर भरपूर आहेत. तासगाव, पलूस, मिरज पूर्व भागात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दोन-अडीच महिने घड नसलेल्या फुटी काढा, विरळणी म्हणजे थिनिंग करा, घड औषधात बुडवा, अशी कामं एकामागून एक येतात आणि ती तारखेला झाली नाहीत तर बाग हातची जाते. त्या दिवसांत थिनिंगच्या टोळ्या रोजानं जात नाहीत, एकराचं उक्तं घेतात. शेतकरी टोळीवालीच्या दारात जाऊन बसतो, आगाऊ पैसे देतो, गाडी पाठवतो. या बायकांना कुणी म्हणालं की तुम्हाला वर्षभर रोज आठ तासांची हमी देतो पण रोज ठरलेला, तर त्या हसतील. त्यांना ते नकोय. त्या दोन-अडीच महिन्यांत जे मिळवतात त्यावर मुलीच्या कॉलेजची फी निघते. तसंच कॅटरिंगला वाढपी म्हणून जाणारी पोरं. सांगलीच्या विश्रामबागेत शिकणारी कितीतरी पोरं लग्नसराईत एका दिवशी दोन कार्यक्रम करतात, परीक्षा आली की जात नाहीत, त्यांना नियमित नोकरी दिली तर शिक्षण सुटेल. आमच्याकडेच चार जण असे आहेत की ज्यांची घरची दीड-दोन एकर शेती आहे, पेरणी-कापणीला ते दिसतसुद्धा नाहीत, मधल्या रिकाम्या दिवसांत येतात. गवंडी, प्लंबर, रंगारी यांना तर महिन्याचा पगार म्हणजे तोटाच.

मग या लोकांत आणि मावशींच्यात फरक काय? काम तर सगळ्यांचंच बेभरवशाचं. मी बरेच दिवस यावर विचार केला आणि मला एकच फरक सापडला. थिनिंगची टोळी नाही म्हणू शकते. वाढपी पोरगं नाही म्हणू शकतं, पुढच्या शनिवारी त्याला पुन्हा फोन येतोच. आमच्या ग्रुपवर तसं नाही. कुणी लिहिलेला नियम नाही, पण दोनदा "उद्या जमणार नाही" म्हटलं की सुपरवायझर मला सांगतो, त्याला जरा मागं ठेवा. मागं ठेवा म्हणजे आठवडाभर बोलवायचं नाही. म्हणजे मालकाला हवं तेव्हा बोलवायची मोकळीक आहे, पण माणसाला हवं तेव्हा न येण्याची नाही. एका बाजूनं मोकळं आणि दुसऱ्या बाजूनं बांधलेलं, याला लवचिकता कसं म्हणायचं? मी भाच्यालाही हेच विचारलं की तू चार दिवस लॉगिन केलं नाहीस तर काय होतं रे? तो जरा थांबला आणि म्हणाला, रेटिंग पडतं, मग चांगले स्लॉट आधी दुसऱ्यांना दिसतात. मग आम्ही दोघंही गप्प झालो.

काम अनिश्चित असलं तरी बाकीचं आयुष्य अनिश्चित नसतं, हे पण लोक विसरतात. घरभाडं एक तारखेला. लाइट बिल ठरलेलं. आमच्याकडच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींचा फायनान्सच्या गटकर्जाचा आठवड्याचा हप्ता असतो, गुरुवारी गल्लीत मीटिंग भरते, आणि त्या हप्त्याला "या आठवड्यात दोनच दिवस काम लागलं" हे कारण चालत नाही, गटातल्या बाकीच्या बायका ताटकळत बसतात. म्हणून बुधवारी रात्री माझा मेसेज पडला की सगळ्यात आधी कुणाचे "येते" येतात हे मला आता न बघता सांगता येतं.

ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं सांगतो, कारण हे मी स्वतः भरतो आणि मला ते फार लागलेलं आहे. दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआय लागू, पगार २१ हजारांपर्यंत असला की कापायचं, कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. हंगामी माणसाचेही कापतो, ते बरोबरच आहे. पण आजारी पडल्यावर पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळायची असेल तर सहा महिन्यांच्या काळात, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. आमच्याकडच्या एका पोराला जानेवारीत टायफॉइड झाला, तीन आठवडे अंथरुणात. त्याची एप्रिल ते सप्टेंबरची हजेरी मी काढली. ७१. सात दिवस कमी. मी जुनी पानं परत परत मोजली, कुठं चुकून खाडा पडलाय का बघितलं. नव्हता. औषधपाणी मिळालं, पण रोख पैसे नाहीत. आणि मला पक्कं आठवतं की त्या सहा महिन्यांत तो किमान दहा-बारा वेळा गेटवरून परत गेलेला होता. तो यायला तयार होता, आलाही होता, आम्हीच आत घेतलं नव्हतं, आणि त्या न घेतलेल्या दिवसांची शिक्षा त्याला पुन्हा एकदा झाली, तापात.

हे काही नवीन नाही. माझे आजोबा खटाव तालुक्यातले, दुष्काळाला कंटाळून मुंबईला गेले आणि परळला मिलमध्ये बदली म्हणून लागले. साताऱ्या-सांगलीकडच्या घराघरातून तेव्हा असाच एखादा माणूस मिलमध्ये होता आणि त्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं बदलीच राहिले. बदली म्हणजे पाळीच्या वेळेला दारात जाऊन उभं राहायचं, कायम कामगार कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागेवर आत, नसला तर खोलीवर परत. आजोबा सांगायचे की परत आलं की खानावळवाली बाई काही बोलायची नाही पण दुसऱ्या दिवशी ताटात भाकरी एक कमी पडायची. त्यांच्याकडं शब्द होता तरी, बदली. आता तेच काम व्हॉट्सअॅपवर आलंय आणि त्याला कुणी फ्लेक्सी म्हणतं, कुणी ऑन कॉल म्हणतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढं सगळंच संपलं, आजोबा गावी आले.

कायद्यानंही या माणसाला कायम बाहेरच ठेवलं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफ दिला, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवलं, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यायची तरतूद होती, ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला, पण त्याच कलमात स्पष्ट लिहिलं होतं की बदली आणि कॅज्युअल कामगार सोडून. म्हणजे ज्याला काम नसण्याची सगळ्यात जास्त झळ बसते त्यालाच वगळलं. वर्षात २४० दिवस भरले की सलग नोकरी धरली जाते, म्हणून कितीतरी ठिकाणी २४० च्या आत ब्रेक देतात, हे एमआयडीसीत चहाच्या गाड्यावरचं पोरगंसुद्धा सांगेल. एक कलम मात्र चांगलं आहे आणि ते कुणाला फारसं माहीत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या १५ व्या कलमात होतं, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तेच पुढं आलंय, की रोजानं लावलेल्या माणसाला मालकानंच पूर्ण वेळ काम दिलं नाही तरी त्या दिवसाचं पूर्ण किमान वेतन द्यायचं. म्हणजे सातला आत घेतलं आणि अकराला माल नाही म्हणून घरी पाठवलं तर पूर्ण रोज. मला हे आठ वर्षांनी कळलं, आणि कळल्यावर मी मालकांना दाखवलं, त्यांनी ते मानलं, खोटं का बोलू. पण गेटच्या आतच घेतलं नाही तर? मग त्या दिवसाचा कुठं पुरावाच नाही. सगळी पळवाट त्या चार फुटांच्या लोखंडी गेटाशी आहे.

मला जास्त वाईट याचं वाटतं की यावरचे उपाय आपल्याच मातीतले आहेत. साखर कारखान्यांचं बघा. हंगामी कामगार गळीत संपलं की घरी जातो, त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण ऊसच नाही तर काम कुठनं येणार. पण साखर कामगारांच्या करारात हंगामी माणसाला बंद काळातला रिटेन्शन अलाउन्स असतो. कशाचा तो? काम न केल्याचा नाही. पुढच्या हंगामाला बॉयलर पेटला की तू परत यायचं आहेस, तू आमच्यासाठी राखून राहतोस, त्याचा. आपल्या आजूबाजूच्या गावागावांत हा शब्द लोकांच्या तोंडात आहे, "औंदा रिटेन्शन कवा मिळणार" असं पारावर बोलतात. कारखाने वेळेवर देत नाहीत ही वेगळी तक्रार, पण तत्त्व मान्य आहे की वाट बघणाऱ्याला काहीतरी द्यायचं असतं.

हमालांचं तसंच. गाडी आली तर काम, नाही आली तर वखारीच्या सावलीला पडून राहायचं, आणि मालक तर दर तासाला वेगळा, आज हा व्यापारी उद्या तो, मग पीएफ कुणाकडं मागणार? पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्यात काम तसंच बेभरवशाचं राहिलं, पण मजुरी आणि मालकानं वरनं भरायची लेव्ही माथाडी बोर्डात जमा व्हायची आणि बोर्डातनं पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस, सुट्टीचे पैसे मिळायचे. मालक दहा असले तरी हिशोब एका ठिकाणी. या कायद्याच्या नावाखाली खंडणी घेणारे पण निघाले हे मला माहीत आहे, एमआयडीसीत त्याचा त्रास आम्हीही बघितलाय. पण म्हणून कल्पना वाईट ठरत नाही. आमच्या भागातल्या पन्नास युनिटचे हंगामी लोक एका बोर्डात असते तर त्या पोराचे ७१ दिवस आमच्याकडचे आणि शेजारच्या युनिटमधले वीस धरून ९१ झाले असते.

आणि रोजगार हमी. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, साठच्या दशकात त्यांनी आधी आपल्या तासगाव तालुक्यात प्रयोग करून बघितला, १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत दिलं नाही तर भत्ता. पुढं २००५ ला देशाचा कायदा याच धर्तीवर झाला. पैसा कुठनं उभा केला तर १९७५ ला व्यवसाय कर लावला. मी दर महिन्याला कायम लोकांच्या पगारातून जे २०० रुपये कापतो, फेब्रुवारीत ३००, त्या कराची सुरुवात ही. ज्याला महिन्याचा पगार नक्की आहे त्यानं ज्याला नाही त्याच्यासाठी थोडं द्यायचं, असा तो विचार होता. मी हे आमच्या कायम कामगारांना सांगितलं तेव्हा त्यांना पटेना, ते म्हणाले आम्हाला वाटायचं की हा ग्रामपंचायतीचा काहीतरी आहे.

आता कुणी म्हणेल हे सगळं अडाणी मजुरांचं झालं. अजिबात नाही. कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक बघा, नेट-सेट झालेले, काही पीएचडी. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, सुट्टी लागली की शून्य, परीक्षेचं आणि नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं, काम वेगळं, आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. सांगलीत असे लोक आहेत जे सकाळी अर्थशास्त्र शिकवतात आणि संध्याकाळी क्लासवर दहावीचं गणित घेतात. गेटावरचा माणूस आणि हे सर, दोघांचाही दिवस कुणीतरी अडवून ठेवलेला आहे, पैसे मात्र हातात पडलेल्या तासांचेच.

बाहेरच्या देशांत यावर बराच विचार झालाय. ऑस्ट्रेलियात कॅज्युअल माणसाला पगारी रजा नाहीत, म्हणून त्याला तासाला कायम माणसापेक्षा साधारण २५ टक्के जास्त द्यावे लागतात. आपल्याकडं उलटं, ज्याला हमी नाही त्यालाच रोजही कमी. न्यूझीलंडनं २०१६ मध्ये तासांची काहीच हमी न देता माणसाला नुसतं ताटकळत ठेवणारे करार बंद केले, ताटकळत ठेवायचं तर त्याचा मोबदला द्या म्हणून सांगितलं. ब्रिटननं २०१५ मध्ये एवढं तरी केलं की तास द्यायचे नाहीत आणि वर दुसरीकडं कामालाही जाऊ द्यायचं नाही, ही अट लागू करता येणार नाही असं ठरवलं. आपल्याकडं २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार, म्हणजे भाच्यासारखी अॅपवर काम करणारी माणसं, हा शब्द पहिल्यांदा कायद्यात आला, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्या निधीत टाकायचे असं त्यात आहे. भाच्याला त्याचा उपयोग होवो. पण त्यातही वाट बघण्याबद्दल काही नाही. तो हॉटेलच्या दारात गाडीवर बसून ऑर्डरची वाट बघतो ते तास कुणाच्याच हिशोबात नाहीत.

याला नेहमीचं उत्तर असतं की खर्च वाढला तर मालक माणसंच कमी करतील. मी हिशोब करून बघितला. समजा गेटवरून परत पाठवलेल्याला अर्धा रोज द्यायचा. सहा जण परत गेले, प्रत्येकी २५०, झाले १५००. असं महिन्यातनं पाच वेळा झालं तर साडेसात हजार. लहान युनिटला ही रक्कम डोळ्यात येते, नाकारत नाही. पण मग काय होईल? मी रात्री १४ लिहिताना विचार करीन. गाडी कुठं पोचली हे आधी फोन करून विचारीन. आज मी १४ लिहितो कारण जास्त लिहायला काही लागत नाही, दोन-चार जास्त असलेले बरे, कुणी आलं नाही तर अडायला नको. फुकट आहे म्हणून मी माणसं जास्त बोलावतो. त्याला किंमत लागली तर मी दहाच बोलवीन आणि बाकीचे चार जण रात्रीच टोळीवालीला हो म्हणतील. त्या चौघांचं आमच्याकडचं काम तर तसंही गेलेलंच होतं, निदान शेतातला रोज तरी वाचेल.

शेतकऱ्याला मात्र मी यात धरणार नाही, इथं माझं मन ठाम आहे. अवकाळी आला आणि थिनिंग थांबलं तर त्या दिवशी शेतकऱ्याचीच बाग गेलेली असते, तो कुठनं अर्धा रोज देणार. त्याच्यासाठी आणि त्याच्या मजुरासाठी सरकारचीच हमी पाहिजे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, निम्मी सांगली पाण्यात, तेव्हा आमच्या नऊ कायम लोकांना त्या दिवसांचा पगार मालकांनी दिला, आणि हंगामी लोकांच्यातले सात जण तर कॅम्पमध्ये होते, त्यांना आम्ही काहीच दिलं नाही. पगारपत्रक मीच केलं होतं. त्या वेळी मला ते नियमाप्रमाणं वाटलं होतं, आज वाटत नाही.

मला पाहिजे ते फार मोठं नाही. काम आहे की नाही हे आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत पक्कं सांगायचं, त्यानंतर रद्द केलं तर अर्धा रोज आणि येण्याजाण्याचं भाडं द्यायचं, नाही म्हणणाऱ्याला मागं ठेवायचं नाही, आणि परत गेलेला दिवस ईएसआयच्या ७८ मध्ये धरला जावा, यातलं शेवटचं फक्त सरकार करू शकतं, बाकीचं आमच्यासारखं युनिटही करू शकतं. आणि वरच्या कंपनीनं शेड्यूल बुधवारी मोडलं तर त्याचं बिल तिच्यापर्यंत गेलं पाहिजे, जॉबवर्कच्या दरात ते धरलं पाहिजे. एकट्या मालकाला हे बोलायची ताकद नाही, मालकांच्या असोसिएशननं बोललं पाहिजे.

दिवाळीपासून मी एक केलंय. हजेरीपुस्तकात खाड्याच्या शेजारी एक रकाना आखला, लाल पेननं, आणि वर लिहिलं "परत". जो गेटपर्यंत येऊन परत गेला त्याच्या नावापुढं त्या रकान्यात तारीख. सुपरवायझर म्हणाला हे कशाला वाढवताय, मी म्हटलं राहू दे. पहिल्या महिन्याची बेरीज ४१ आली. त्यातले सहा दिवस मावशींचे. मी ते पान पगारपत्रकाच्या वर ठेवून मालकांच्या टेबलावर दिलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं, एकेका नावावर बोट ठेवून, मग विचारलं, "एवढे?" मी हो म्हटलं. त्यांनी पगारपत्रकावर सही केली, आणि ते पान मात्र परत दिलं नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलं.